एकशे बाराव्या पानावरची फीत

इकडे बघा, या जाड ग्रंथाच्या खालून जे मळकं शेपूट लोंबतंय ना, ते माझं. बोलतेय ती मीच, या धर्मग्रंथाची फीत. वाचणारा कुठवर आला ते लक्षात राहावं म्हणून मला पुठ्ठ्याच्या आत, वरच्या अंगाला चिकटवलंय. गेली एकोणतीस वर्षं मी या पानातून त्या पानात पडून आहे.

एके काळी मी लालभडक होते. आता माझा रंग कोणता म्हणायचा ते मलाही ठाऊक नाही. पानांत दाबलेला भाग अजून त्यातल्या त्यात बरा आहे. खालचा भाग बोटांच्या तेलाने चिकट झालाय आणि टोकाचे धागे सुटलेत, कारण मालकांच्या नातीला दात येत होते तेव्हा तिने मला तीन महिने चघळलं. कुणी तिला हटकलं नाही. उलट सगळे कौतुकाने म्हणाले, बघा, आतापासूनच ग्रंथाची ओढ!

लोकांना वाटतं, काय नशीब हिचं, रात्रंदिवस देवाच्या शब्दांच्या कुशीत! अहो, शब्द राहिले बाजूला. मला आधी भेटतो तो वाचणाऱ्याचा अंगठा. त्याला काय काय लागलेलं असतं ते सांगत बसले तर तुम्हाला दोन दिवस जेवण जायचं नाही.

माझा जन्म फितींच्या कारखान्यात झाला. एका मोठ्या रिळावर आम्ही सगळ्या बहिणी गुंडाळलेल्या होतो. काही भेटवस्तूंच्या खोक्यांवर गेल्या, काही मुलींच्या वेण्यांत गेल्या. मी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात गेले. तिथे एक बाई दिवसभर ग्रंथांना फिती चिकटवायची. एका हाताने सरस लावायची, दुसऱ्या हाताने नाक पुसायची, आणि मधूनच हातांची अदलाबदल व्हायची. माझ्या आयुष्याची सुरुवात ही अशी. पुढचं सगळं तिला शोभेसंच झालं.

आम्हाला विकत घेतलं ते एका लाँड्रीच्या मालकांनी, दुकान उघडलं त्या आठवड्यात. पुढे काउंटर, मागे लांबट खोली. खोलीत इस्त्रीची दोन टेबलं, डाग काढायचं एक टेबल, वर लोखंडी दांड्यावर हँगरला टांगलेले कपडे आणि कोपऱ्यात बॉयलर. इस्त्रीच्या पहिल्या टेबलावर भिंतीत एक फळी होती, तिच्यावर आमचं घर. तिथून माझं शेपूट खाली लोंबायचं आणि मला सगळी खोली दिसायची.

बॉयलर पेटवला की वाफ धरायला वीस मिनिटं लागतात. काटा हिरव्या रेघेवर येईपर्यंत एकही इस्त्री चालत नाही. इतर लाँड्र्यांत ती वीस मिनिटं चहात आणि चहाड्यांत जातात. आमच्या मालकांनी ती ग्रंथाला दिली होती. ते स्टुलावर बसून मोठ्याने वाचायचे आणि बाकीचे उभ्या उभ्या ऐकायचे. काटा हिरव्या रेघेवर आला की वाक्य अर्धं असलं तरी मालक थांबायचे, मला पानात ठेवायचे आणि कामाला लागायचे.

ऐकणारे होते दोघे. एक प्रेसकाका. हे इस्त्री करायचे, पहिल्या दिवसापासून इथेच. दुसऱ्या डागमावशी. शाई असो, तेल असो, गंज असो, बाईंनी हात लावला की डाग निघालाच पाहिजे. मालकांचा मुलगा मोठा झाल्यावर तोही आला. त्याला सगळे धाकटे मालक म्हणायचे. तो बॉयलरच्या काट्याकडे बघत ऐकायचा.

मालकांची वाचायची रीत मला पसंत नव्हती. एक तर ते बोट चाटून पान उलटायचे. शी! एवढ्या पवित्र पानाच्या कोपऱ्याला रोज थुंकी! आणि दुसरं म्हणजे ते पुढेच जायचे नाहीत. एक पान आठवडाभर चालायचं. वाचून झालं की विचारायचे, "आजची ओळ कुठली घ्यायची?" मग कुणीतरी एक ओळ निवडायचं आणि दिवसभर ती खोलीत फिरत राहायची. प्रेसकाका इस्त्रीच्या फेऱ्यांबरोबर ती पुटपुटायचे. डागमावशी डाग घासता घासता तिच्याशी भांडायच्या. "हे काय बाई, असं कुठं असतं का!" असं त्या ओळीलाच सुनवायच्या.

मालक म्हणायचे, "गाय कशी आधी खाऊन घेते आणि मग निवांत रवंथ करते, तसं करायचं. नुसतं गिळलेलं अंगी लागत नाही." मला ती उपमाच किळसवाणी वाटायची. गाईच्या तोंडाला फेस येतो.

अशाने तेवीस वर्षांत हा पाचशे वीस पानांचा ग्रंथ जेमतेम दोनदा पुरा झाला. माझा जीव मेटाकुटीला यायचा. फितीचं मोठेपण ते काय? ती किती पुढे गेली, हेच ना!

म्हणून मला मामा आवडायचे. हे मालकांच्या बायकोचे भाऊ. वर्षातून एकदा राहायला यायचे आणि ग्रंथ घरी मागवून घ्यायचे. त्यांनी आजवर किती वेळा ग्रंथ पुरा केला तो आकडा ते आल्या आल्या सांगायचे. शेवटचा आकडा चौदा होता, तेव्हापासून डागमावशींनी त्यांचं नाव चौदावेळा मामा पाडलं. मामा जेवता जेवता वाचायचे. चार दिवसांत दोनशे पानं. मी नुसती सरसर पळायची! अंगावर रश्शाचे थेंब पडायचे, पण आपण कुठे तरी निघालोय असं वाटायचं.

"दाजी, तुमची फीत म्हणजे गोगलगाय आहे हो," ते मालकांना म्हणायचे.

मालक हसायचे आणि मामा गेले की मला परत मागे, आपल्या पानावर आणून ठेवायचे. तेव्हा मला मालकांची चीड यायची. मामा त्याच ग्रंथातल्या ओळी तोंडावर फेकून आपल्या बायकोला चारचौघांत गप्प करतात, हे मी ऐकलेलं होतं. तरी मला तेच थोर वाटायचे. किळसच करायची तर तिची सुरुवात माझ्यापासून करायला हवी.

पुढे मालकांची दृष्टी अधू झाली. तिसऱ्या खेपेच्या एकशे बाराव्या पानावर आलो तेव्हा ते ग्रंथ नाकाला लावून वाचत होते. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि आठ दिवस मालक दवाखान्यात राहिले. त्या आठ दिवसांत वाचन बंद होतं. आता सांगते ते त्यातल्याच तिसऱ्या दिवशीचं आहे.

एका बाईंनी एक कोट धुवायला टाकला होता. त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचा, लग्नातला. चार दिवसांनी त्यांच्या मुलाचं लग्न होतं आणि तो हाच कोट घालणार होता. बाई दुपारी न्यायला येणार होत्या. प्रेसकाका मागे पाण्याची टाकी बघायला गेले, म्हणून धाकट्याने इस्त्री हातात घेतली. तो डावखुरा. कोटाची पाठ अर्धी झाली आणि फोन वाजला. कुठल्याशा नव्या यंत्राचं बोलणं होतं. बोलता बोलता त्याने इस्त्री खाली ठेवली, ती स्टँडवर नाही, कोटावरच.

वास मला आधी आला. जळक्या लोकरीचा वास केस जळल्यासारखा असतो. धाकट्याने झटकन इस्त्री उचलली. कोटाच्या पाठीवर इस्त्रीचा अख्खा तपकिरी ठसा उमटला होता. त्याने इस्त्री जागेवर ठेवली, कोट हँगरला लावला आणि पुढे काउंटरवर जाऊन उभा राहिला. प्रेसकाका टाकी बघून आले तोवर बाईही आल्या होत्या.

बाईंनी कोट बघितला आणि त्या मटकन खाली बसल्या. काउंटरवर आणखी चार गिऱ्हाइकं उभी होती.

"आमच्या प्रेसकाकांच्या हातून झालं," धाकटा म्हणाला. "वय झालंय हो त्यांचं. हात थरथरतो. आजच काढून टाकतो त्यांना."

प्रेसकाका दारात उभे होते, हात ओले. त्यांनी धाकट्याकडे बघितलं. मुलगा घाबरलाय, आत्ता खरं बोलेल, असं त्यांना वाटलं असावं.  मग त्यांनी ॲप्रन काढला, टेबलावर ठेवला आणि मागच्या दाराने निघून गेले. डागमावशी एका स्वच्छ कॉलरवर ब्रश घासत खाली मान घालून बसल्या होत्या. त्या तेव्हा पाठमोऱ्या होत्या, इस्त्री कुणाच्या हातात होती ते त्यांनी बघितलं नव्हतं, पण काकांना त्या तेवीस वर्षं ओळखत होत्या. मला त्यांचाही वीट आला.

बाईंनी तो कोट काउंटरवरच टाकला आणि गेल्या.

मालक परत आले, पण दृष्टी काही परत आली नाही. उजेड आणि सावल्या तेवढ्या दिसायच्या. खोलीत आल्या आल्या म्हणाले, "काका कुठायत?" धाकट्याने जे बाहेर सांगितलं होतं तेच आतही सांगितलं. मालक नुसते "बरं" म्हणाले. मग त्यांनी तो कोट मागवला आणि मांडीवर घेऊन सकाळभर चाचपत बसले. दुपारी तो कपाटात ठेवायला सांगितला. उठताना म्हणाले, "उद्यापासून तू वाच."

दुसऱ्या दिवशी धाकट्याने मी होते तिथे ग्रंथ उघडला. एकशे बारावं पान. तिथे नवा अध्याय सुरू होतो, त्यामुळे वरची अर्धी जागा मोकळी आणि खाली अकराच ओळी. त्याने त्या पावतीवरचे नियम वाचावेत तशा वाचल्या. तिसऱ्या दिवशी वाचताना फोन आला, म्हणून चौथ्या दिवशी परत तेच पान घेतलं. पाचव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, की पान उलटलं नाही तरी बाबांना दिसत नाही. अकरा ओळी तीन मिनिटांत होतात. उरलेला वेळ फोन बघायला मोकळा.

आणि मग तेच सुरू झालं. रोज एकशे बारा. सोमवारी एकशे बारा, शनिवारी एकशे बारा. मालक स्टुलावर बसून ऐकायचे, डागमावशी ऐकायच्या. त्याही तोंडातून ब्र काढायच्या नाहीत, कारण काकांच्या जागी आपली पाळी कधी येईल याची त्यांना धास्ती होती.

एका आंधळ्या बापाला रोज फसवायचं आणि तेही धर्मग्रंथ हातात धरून! शी! माझा लाल रंग त्या पानाला लागला, पानावर माझी रेघ उमटली. कसर लागली, ती माझ्या अंगावरून चालायची. मी एक वर्ष तिथेच, दोन वर्षं तिथेच. मामा आले, ग्रंथ उघडून बघितला आणि मोठ्याने म्हणाले, "अरे, मागच्या खेपेलाही एकशे बाराच होतं की!"

"फीत घसरली असेल मामा," धाकटा म्हणाला.

मी घसरले? मी? बोलता येत असतं तर तिथल्या तिथे त्याचं सोंग उघडं पाडलं असतं. मालक जवळच बसले होते. 

तिसऱ्या वर्षी धाकट्याला ते पान पाठ झालं होतं. डोळे फोनवर आणि तोंडाने अकरा ओळी. त्याच सुमाराला तो एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात जुनं यंत्र बघायला गेला.  संध्याकाळी दुकान बंद करताना डागमावशींना म्हणाला, "काका दिसले तिथे. चादरींचे गठ्ठे वाहत होते."

"मग काय करतील?" मावशी म्हणाल्या. "लग्नाचा कोट जाळणारा माणूस म्हणून सगळीकडे झालंय त्यांचं. इस्त्री कोण देणार त्यांच्या हातात?"

"कंबरेत वाकलेत."

"वाकणारच. साठीच्या माणसाचं काम आहे का ते?" असं म्हणून मावशी दिवा घालवून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉयलर पेटला, धाकट्याने पान उघडलं आणि चौथ्या ओळीवर अडखळला. ती ओळ अशी आहे: जो आपलं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर टाकून चालतो, त्याला वाट हलकी वाटते, पण ती वाट त्याची नसते.

शेकडो वेळा ती ओळ त्याच्या तोंडातून गेली होती. त्या दिवशी ती पहिल्यांदा त्याला ऐकू आली. तो खाकरला, पाणी प्यायला आणि कशीबशी ओळ पुरी केली.

त्यानंतर मी रोज बघत होते. तिसरी ओळ आली की त्याचा आवाज बारीक व्हायचा. फोन त्याने खिशात ठेवायला सुरुवात केली, मग काउंटरवरच ठेवून यायला लागला. गिऱ्हाईक ओरडलं की तो तोंड उघडायचा, कुणाचं तरी नाव घेणार असं वाटायचं आणि मधेच थांबायचा. "चूक आमची," एवढंच म्हणायचा. पूर्वी 'चूक आमची' हे शब्दच त्याच्याकडे नव्हते. एकदा त्याने चौथी ओळ गाळून बघितली. मालकांनी नुसती मान त्याच्याकडे वळवली. त्याने ती ओळ वाचली.

मला मात्र काही दिसत नव्हतं. मी म्हणायची, हा मेला अजून त्याच पानावर! पुढे सरकत नाही म्हणजे याचं काही होत नाही. ग्रंथात एकोणतीस वर्षं राहून मला एवढीच अक्कल आली होती.

असं करत सहा वर्षं झाली. चार महिन्यांपूर्वी एका सकाळी त्याने ठरवूनच पान उलटलं. त्या पानाचा त्याला जाच होत होता, हे मलाही कळलं. मी आनंदाने पुढच्या पानावर पडले. सहा वर्षांनी नवं पान! एकशे तेराव्या पानावर नुसती वंशावळ आहे, अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा ढमका. त्यात बोचण्यासारखं काही नाही. धाकट्याने तीन नावं वाचली. चौथं नाव वाचायला तोंड उघडलं आणि तोंडातून आलं ते, "जो आपलं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर टाकून चालतो..."

तो थांबला. काटा हिरव्या रेघेवर आला. कुणी जागचं हललं नाही.

"बाबा, तो कोट मी जाळला."

मालक स्टुलावर सरळ बसले.

"काकांनी नाही. ते टाकीवर गेले होते. मी फोनवर बोलत होतो. आणि गेली सहा वर्षं मी तुम्हाला एकच पान वाचून दाखवतोय."

"माहीत आहे," मालक म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"दोन्ही. आपल्याकडे कोट टेबलावर टाकताना कॉलर डावीकडे करतात. उजव्या हाताने इस्त्री ठेवली तर टोक कॉलरकडे येतं. त्या ठशाचं टोक खालच्या घेराकडे होतं. बोटाने चाचपलं आणि कळलं. या खोलीत डावखुरा एकच आहे." मालकांनी हात मांडीवर ठेवले. "आणि पानाचं म्हणशील, तर ते मी तुझ्याआधी दोनदा रवंथ केलंय. पहिल्याच आठवड्यात ओळखलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी सांगून तू कबूल झाला असतास, तर ते माझं बोलणं झालं असतं. म्हटलं, ते पान रोज तुझ्या कानावर पडू दे. मूळ धरायला वेळ लागतो. तू आपणहून बोलेपर्यंत थांबायचं ठरवलं."

मला वाटलं, आता धाकटा बापाच्या पाया पडणार. मीही पाघळले होते. वा रे बाप, म्हटलं, काय हा धीर! पण धाकट्याचा चेहरा पांढरा पडला.

"आणि काका?" तो म्हणाला. "तुम्ही माझ्यासाठी थांबलात बाबा. काकांची सहा वर्षं कुणासाठी गेली?"

 डागमावशींनी पदर तोंडाला लावला. त्या क्षणी मला म्हाताऱ्याची जी शिसारी आली, ती कधी कसरीचीही आली नव्हती. मुलाच्या आत्म्याची मशागत करायला याने दुसऱ्याच्या कंबरेचं खत घातलं होतं, आणि रोज सकाळी ग्रंथ ऐकत ते केलं होतं.

त्याच सकाळी दुकान बंद ठेवून ते निघाले. मालकांनी सवयीने ग्रंथ काखेत घेतला, म्हणून मीही गेले. डागमावशी न बोलावता मागून आल्या.

दवाखान्याच्या धुलाईखान्याचं आवार मोठं आहे. चाकांच्या गाड्या, मळक्या चादरींचे ढीग, आणि त्या चादरींना जो वास असतो त्यापुढे आमचं दुकान म्हणजे फुलबाग. प्रेसकाका एक गठ्ठा पाठीवर घेऊन येत होते. आम्हाला बघून त्यांनी तो खाली टाकला नाही. गाडीपर्यंत नेला, ठेवला आणि मग आले.

धाकट्याने सगळं सांगितलं. अडखळत, पण काही न लपवता. मालकांनीही सांगितलं, की आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

काकांनी धाकट्याकडे फारसं बघितलं नाही. "तू घाबरला होतास," एवढंच त्याला म्हणाले. मग मालकांकडे वळले. "तुम्ही कशाला घाबरला होतात, मालक?"

मालकांनी काखेतला ग्रंथ घट्ट धरला.

"तुम्ही दोघं रोज ग्रंथ वाचत होता," काका म्हणाले, "तेव्हा मी गठ्ठे उचलत होतो. मला वाटायचं, मालकांना खरं कळलं असतं तर ते धावत आले असते. त्या एका गोष्टीवर मी सहा वर्षं काढली."

मालकांनी हात पुढे केला. तो काकांच्या खांद्यापर्यंत पोचला नाही आणि काकांनीही पुढे होऊन धरला नाही.

"परत चला काका," धाकटा म्हणाला. "पाया पडतो."

"नाही यायचं मला. पाया बिया पडू नकोस. जे चार लोकांत बोललास, ते चार लोकांतच मागे घे."

धाकटा तिथेच एका गाडीच्या कडेवर चढला. तिथले तीस-चाळीस कामगार, त्यांचा मुकादम, सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याने ओरडून सांगितलं. कोट कुणी जाळला आणि नाव कुणाचं घेतलं, ते सांगितलं. संध्याकाळी तो त्या कोटवाल्या बाईंकडेही गेला. बाईंनी दार उघडलं, सगळं ऐकलं आणि दार लावून घेतलं.

धुलाईखान्यात धाकट्याचं सांगून होताच मुकादम वळला. आत गेला, डॉक्टरांचा एक पांढरा कोट आणून टेबलावर टाकला आणि काकांना इस्त्रीकडे बोट दाखवलं. काकांनी हात पुसले. कॉलर डावीकडे केली. आधी बाह्या, मग खांदे, मग पाठ. हात जरासुद्धा थरथरला नाही. मालकांना दिसत नव्हतं, पण वाफेचा आवाज ऐकत ते मान खाली घालून उभे होते. इस्त्री संपेपर्यंत मला कशाचीच घाण वाटली नाही. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

काका आता तिथेच इस्त्री करतात. आमच्याकडे आले नाहीत आणि येणारही नाहीत.

चौदावेळा मामा हल्ली ही गोष्ट जिथे तिथे सांगत सुटलेत. आमच्या भाच्याला एका ओळीने कसा साक्षात्कार झाला, वगैरे. त्यांच्या गोष्टीत काका नसतातच. परवा ते ग्रंथाचा फोटो काढून गेले, मला बोटाने सारखी करून. बोटाला लोणी लागलेलं होतं.

आम्ही धुलाईखान्यात जाऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बॉयलर पेटला. धाकटा ग्रंथ घेऊन बसला. "बाबा, आता पुढचं पान घेऊ. वंशावळ आहे."

"थांब," मालक म्हणाले. "एकशे बारा काढ."

"ते झालं की बाबा."

"तुझं झालं. आता मला वाचून दाखव."

धाकट्याने मला उचललं आणि परत मागे ठेवलं. पहिल्या तीन ओळी वाचल्या. चौथी वाचली. मालक म्हणाले, "परत." त्याने परत वाचली. पुन्हा म्हणाले, "परत." म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून दिसत काही नाही, पण पाणी यायचं ते येतंच. ते त्याने बाहीने पुसलं आणि तीच बाही माझ्या अंगावर ठेवली. मी ओली झाले, आणि शी म्हणायचं माझ्या लक्षात राहिलं नाही.

तेव्हापासून मी इथेच आहे. माझे धागे आता फार दिवस धरणार नाहीत. जाण्याआधी तुम्हाला एकच विनवणी. तुमच्याही घरात एखादा ग्रंथ असेल आणि त्यात माझ्यासारखी एखादी असेल. ती किती पुढे गेली ते मोजू नका, त्या वेडात मी अर्धं आयुष्य घालवलं. एकाच पानावर खुशाल राहा, ओळ आत उतरू द्या. पण एकदा ती उतरली, की मग ग्रंथ मिटून लगेच उठा. तुम्ही स्टुलावर बसून तीच ओळ घोळवत असता, तेव्हा कुठे तरी कुणी तरी गठ्ठा उचलत असतं.